कानोकान आलेला प्रश्न

१२ मार्च, गुरुवार

बापरे, काय दिवस! अक्षर वेडंवाकडं येतंय. शाळेतल्या सिस्टर असत्या तर बोटांवर पट्टी बसली असती.

आज मशिदीत बायकांचा तास होता. पडद्यापलीकडे मौलवीसाहेब, अलीकडे आम्ही. आमची जुनी रीत — जिला काही विचारायचं असेल तिने शेजारणीच्या कानात सांगायचं, शेजारणीने पुढचीच्या. असं करत प्रश्न माझ्यापर्यंत येतो आणि मी तो मोठ्याने विचारते. कॉन्व्हेंटातल्या वक्तृत्व स्पर्धांनी कमावलेला आवाज, पडदाच काय, भिंतही ओलांडेल! प्रश्न कुणाचा, हे कुणी विचारायचं नाही.

आज कानाशी आलं — 'काल नवराबायको जवळ आले, काळजी घ्यायची राहून गेली. आता गोळी घेतली तर चालते का? पाप तर नाही? आपा, लवकर विचारा.'

मी खणखणीत विचारलं. पलीकडून खोकला. बिचारे माझ्या मुलापेक्षाही लहान! म्हणाले, "आपा, नीट वाचतो. पुढच्या गुरुवारी सांगेन."

पुढच्या गुरुवारी! गोळी तोवर थांबते होय? मी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. माझी सूनसुद्धा दाराशी बाळाला थोपटत, मान खाली घालून. या सगळ्यांत एक जण घाबरलेली आहे आणि कोण ते मला कळायचं नाही!

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "झालं! आता तू आम्हाला जेवू देणार नाहीस."

विणकाम घेऊन बसले खरी. पिवळी टोपी — दुसऱ्या नातवंडाची. त्याचा अजून पत्ता नाही, पण टोपी तयार असलेली बरी! सून बघते आणि नुसती हसते. पहिल्या बाळंतपणात किती रक्त गेलं पोरीचं... चेहरा अजून भरला नाही.

आज चार टाके सुटले. लक्षच नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळीच मौलवीसाहेबांच्या दारात हजर! शुक्रवार, त्यांची खुतब्याची, नमाजाआधीच्या प्रवचनाची घाई. एका पायात चप्पल.

"आपा, आज?"

"आजच. तिला वेळ नाही."

म्हणाले, "वाचलं मी रात्री. एकाच गोष्टीवर अडलंय. ही गोळी होऊ देत नाही, की झालेलं पाडते? दोन्हीचा हुकूम वेगळा."

मग काय! पर्समधून मोबाईल काढला आणि लावला आमच्या भोपळीला. शाळेत माझ्या बाकावर बसायची, माझाही डबा संपवायची. आता बायकांची मोठी डॉक्टर. मी गोळीचं नाव काढलं मात्र, ती ओरडली, "अगं, या वयात?" — मौलवीसाहेब छताकडे बघायला लागले! मी म्हटलं, "गप गं! धर्माचं काम आहे," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

भोपळी नीट बोलली. ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ रुजलेला असेल तर त्याला काही करत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी बरी, तीन दिवसांनंतर भरवसा कमी.

त्यांचा चेहरा उजळला! म्हणाले, "पैगंबरांच्या काळात लोक अज़ल करायचे, म्हणजे ऐन वेळी दूर व्हायचे. त्याला मनाई झाली नाही. त्याच आधारावर बरेच उलेमा म्हणतात, ही गोळी चालते. अट अशी की दोघांची राजीखुशी हवी, तब्येतीला अपाय नको. काही जण जपून राहा म्हणतात, त्यांना बीज रुजण्याआधीच अडवलं जाण्याची शंका वाटते. मतभेद आहेत, मी लपवणार नाही. पण आईच्या तब्येतीला धोका असेल तर तिने पापाच्या भीतीने स्वतःचा जीव टांगणीला लावू नये. हे मला पटलेलं. बाकी अल्लाह जाणे."

उड्या मारत घरी आले. गुडघे विसरले!

पण सांगू कुणाला? आता रांग कुठे आहे? मग फोनवर फोन — "चहाला या, सगळ्याच या, आजच या!" संध्याकाळी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी उभं राहून सगळं ऐकवलं, मतभेदांसकट. शिंपीण म्हणाली, "आपा, प्रश्न माझा नव्हता हं! पण उत्तर ठेवून घेते." काय हसलो! सून ट्रे घेऊन दारात उभी. "अगं, चहा गार होतोय," म्हटलं तेव्हा हलली.

एकेकीचा चेहरा निरखला. एकीच्याही नजरेत सुटका दिसली नाही. पोचलं असेल ना तिच्यापर्यंत? या अल्लाह, पोचू दे.

१४ मार्च

ओट्यावर गोळीचं रिकामं पाकीट. मला दिसेल असंच ठेवलेलं. सून पाठमोरी भांडी घासत होती. म्हणाली, "यांनी परवाच आणली होती, अम्मी. मीच थांबले होते. तुम्हाला घरातच विचारणार होते... पण तुम्ही टोपी विणत होतात."

टोपी उसवली. लोकर पुरेल. तिचे पाय नेहमी गार असतात, मोजे विणायला घेतलेत.