प्लास हेलिगची बाग

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
रविवार, १२ एप्रिल १९८७

प्रिय प्रतिमा,

सकाळीच फोनवर बोललो आणि दुपारी हे पत्र लिहायला बसलो, म्हणून तुला नवल वाटेल. पण फोनवर आपण बोलतो तरी काय? तिकडे पाऊस आहे का, माझं ब्लडप्रेशर किती, नात काय नवीन बोलायला लागली. तेवढ्यात वेळ संपतो.

तुझा फोटो गेल्या आठवड्यात मिळाला. साठ वर्षं मातीखाली गेलेल्या त्या दगडी टप्प्यांवरून पाणी खळाळतंय आणि शेजारी तू उभी, साडीवर गमबूट घालून. प्रसन्नने तो फ्रिजवर लावलाय. येता-जाता मी पाण्याकडे बघतो, मग तुझ्या हातातल्या काठीकडे. काठी कधीपासून? पाय दुखावल्याचं तू मला कळवलं नाहीस. डॉक्टर नवऱ्याला हे फोटोवरून कळावं!

इथे सगळं ठीक आहे. प्रसन्न आणि दीपा कामावर जातात, मी नातीला सांभाळतो. घरं सुबक, हिरवळ कापलेली, पण पायी चालणारा मी एकटाच. परवा कोपऱ्यावरच्या झाडाला पालवी फुटलेली दिसली आणि ‘हे बीच, पान हातात घेऊन बघा, कडेला लव असते’ असं तुझ्या आवाजात ऐकू आलं. तेवीस वर्षं वेल्समध्ये दवाखाना चालवला, पण झाडांची नावं मला तुझ्यामुळे कळली. आठवतं, पहिल्यांदा प्लास हेलिगला गेलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं? वाडा पाडलेला, काटेरी झुडपं डोक्याएवढी. ‘बाग कुठाय?’ मी विचारलं. तू म्हणालीस, ‘इथेच आहे. कुणीतरी टेकडी, तळं, झाडं, सगळं विचार करून मांडलंय. फक्त झाकलं गेलंय.’ दुसऱ्या दिवसापासून तू ती बाग उकरून काढणाऱ्या मिस्टर एव्हन्सच्या हाताखाली फुकट राबायला लागलीस. नागपूरला बॉटनी शिकलेली माझी बायको चिखलाने माखून घरी यायची आणि हसत असायची. खरं सांगतो, मला त्या बागेचा हेवा वाटायचा.

मराठी मंडळात सगळे विचारतात, ‘काकू कधी येणार?’ मी म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात.’ काल दीपाने गाडीत हळूच म्हटलं, ‘बाबा, तुमचा पुढचा महिना दोन वर्षं चाललाय.’ लोकांना मी असंच भासवलं, की प्रतिमा हट्टी आहे, बागेपुढे तिला नवरा दिसला नाही. आता जे खरं आहे ते लिहितो.

पंच्याऐंशीचा मार्च. आपलं घर विकलं होतं, इकडे प्रसन्नकडे यायची तिकिटं काढायची होती. तू म्हणालीस, ‘टप्पे अजून अर्धे मातीत आहेत. मला सहा महिने द्या.’ दुसऱ्या दिवशी एव्हन्सकडे गेलो. त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारात मी रोज जात होतो, त्यामुळे तो मला नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, ‘प्रतिमाला सांगा, तुमची आता गरज नाही. तुमच्या मनाने सांगताय असं सांगा.’ त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, ‘त्या माझ्यावर विश्वास ठेवतील, डॉक्टर. हीच पंचाईत आहे.’

त्याने तुला तसं सांगितलं. तू कामाचे हातमोजे धुऊन, वाळवून कपाटात ठेवलेस. बारा दिवस नीट जेवली नाहीस. एकदा विचारलंस, ‘माझं काही चुकलं का हो?’ आणि मी म्हणालो, ‘वय झालं, दुसरं काय!’ तेराव्या दिवशी एव्हन्स आपल्या दारात उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तुला म्हणाला, ‘चूक माझी होती. उद्यापासून या.’ तू रडलीस. मी रागाने एकटाच विमानात बसलो.

आज सकाळी तू सांगितलंस की गुरुवारी एव्हन्स गेला. ‘इतका भला माणूस, मला एकदाच दुखावलं त्यांनी, आणि का ते शेवटपर्यंत सांगितलं नाही,’ असं म्हणालीस. आणि मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. ते पोचेपर्यंत त्याला पुरलेलंही असेल. तरी त्याच्या थडग्याशी जा आणि सांग, की कळलं. त्याने माझा दोष तुझ्यापुढे स्वतःवर घेतला आणि दोन वर्षं तोंड उघडलं नाही. हे वाचून तू माझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलंस तर ते रास्तच आहे. पण मला यायचंय, प्रतिमा. तुला न्यायला नाही, तिथेच राहायला. ‘या’ एवढं एक अक्षर लिहिलंस तरी पुरे. नाही लिहिलंस, तर काय ते मी समजेन.

तुझाच,
त्र्यंबक