वाचून न दाखवलेली ओळ

आई,

आज पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तुझा अंगठा पाहिला. जुन्या फायलीतल्या एका कागदाच्या तळाशी, शाई थोडी फुटलेली. तू जाऊन दोन वर्षं झाली. तरी हे आधी तुलाच सांगायला हवं.

नव्या वसाहतीची पाइपलाइन आपल्या खाणीखालच्या गावातून जाणार आहे. नकाशा माझ्याकडे सहीला आला. गावाला दोन इंची लाइन, आपल्या वस्तीला वेगळी, अर्ध्या इंचाची. दोन वेगळ्या लाइनी कशाला, असं मी साहेबांना विचारलं. आहे तसंच ठेवायचं, वाद नको, म्हणाले. मी सही नाकारली तेव्हा त्यांनी फाइल काढली.

"मॅडम, तुमच्याच लोकांनी मागून घेतलाय हा नळ. हा बघा अंगठा."

तो कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

दुष्काळात मराठवाडा सोडून आपण खाणीवर आलो, तेव्हा गावच्या नळाला हात लावायची आपल्याला सोय नव्हती. हंडा ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली, तर ती वरून ओतणार. एका सकाळी तू म्हणालीस, ओतलेलं पाणी घ्यायचं नाही. वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन नळाशी जाऊन बसल्या. अठरा दिवस. शिवी नाही, धक्का नाही. घरी आपण खाणीतल्या डबक्याचं पाणी उकळून पीत होतो.

"काय गो, हंडे इकाला बसल्या का?" गावातल्या एकीने विचारलं.

"न्हाय बाई," तू म्हणालीस, "लाइनीत हाव."

तुला राग कसा येत नव्हता गं? मला तेव्हाही यायचा, आजही येतो.

राज्यघटनेत लिहिलंय, सार्वजनिक विहिरी, तळी वापरायला जातीवरून कुणाला अडवायचं नाही. ती ओळ आपोआप आली नाही. तुझ्याआधी तळ्यात उतरून ओंजळभर पाणी प्यायलेल्या माणसांनी ती लिहायला लावली. तू तीच ओळ मागत होतीस, वाचता येत नसताना. आणि अधिकाऱ्याने तुला काय दिलं? वस्तीत वेगळा नळ! भेदभावाची तक्रार, आणि उत्तर म्हणून तोच भेदभाव, पाइपात घालून. तू नारळ फोडलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला फोडलास?

नाही, हे तुला विचारायचा मला हक्क नाही.

तू अंगठा उठवण्याआधी अधिकाऱ्याचा तो कागद मीच वाचून दाखवला होता. सातवीत होते. "वाच गं," तू म्हणालीस. वस्तीला नळ मिळेल, इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं. खाली आणखी एक ओळ होती: यापुढे अर्जदार गावच्या नळावर हक्क सांगणार नाहीत. ती मी मनात वाचली आणि गप्प बसले. शाळेआधी डबक्यापर्यंतच्या खेपा मला नको झाल्या होत्या. घराजवळ नळ हवा होता. तू विचारलंस, "झालं?" मी म्हटलं, झालं.

ती ओळ ऐकली असतीस, तर तू एकोणिसाव्या दिवशीही बसली असतीस. ते मला माहीत होतं, म्हणूनच वाचलं नाही.

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. सही केली नाही तर बदली होईल, असं शांतपणे सांगितलं. होऊ दे. मी नकाशा नव्याने काढते आहे. एकच लाइन, एकाच व्यासाची, आणि चौकातला नळ सगळ्यांचा. सोबत टिपण जोडते आहे, की मूलभूत हक्क अंगठा उठवून सोडता येत नाही. आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात लिहीन, की अर्जदार बाईला शेवटची ओळ वाचून दाखवलेली नव्हती. वाचणारी मी होते, तिची मुलगी.

खाली पूर्ण नाव घालीन. तुझ्या नावासकट.

तुझी,
सुमन