चिंचेनं घासलेलं पातेलं

माय, नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. भोकरदनकडच्या त्या गावात नवं उपकेंद्र उघडलं होतं आणि मी तिथली पहिली नर्सबाई. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, तिच्यात तू आणि मी. बाळंतपणाची पेटी जालन्याहून यायची होती ती काही येत नव्हती. माझ्याजवळ एक कातर, दोऱ्याचं रीळ आणि कडक इस्त्रीची पांढरी साडी. त्या साडीचा मला भारी तोरा होता. तू मात्र पहिल्याच दिवशी बजावलंस, "कुणी बोलावल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई." मी तुझ्यावर चिडले होते. सरकारी बाईला कोण अडवणार, असं मला वाटायचं.

वेशीजवळच्या मोठ्या शेतकऱ्याची सून तुला आठवत असेल. तिच्या पहिल्या लेकराची नाळ विळ्यानं कापली होती. आठवड्याच्या आत त्यानं दूध ओढायचं सोडलं, जबडा आवळला आणि धनुर्वातानं गेलं. आता ती पुन्हा पोटुशी होती आणि सासू धनुर्वाताची सुई टोचू देत नव्हती. हातपंपावर सून मला हळूच म्हणाली, "बाई, या टायमाला नाळ तुम्हीच कापा." मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं!

निरोप आला तो भर दुपारी. बाळंतिणीच्या खोलीत मला कुणी अडवलं नाही, तिथं तसाही विटाळच. पण कातर आणि दोरा उकळायला भांडं मागितलं तशी सासूनं तांब्याभर गरम पाणी आणून त्यांच्यावर वरून ओतलं. नुसतं ओतून भागत नाही, चांगलं उकळावं लागतं, हे मी परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, "चुलीपाशी देव हायेत आमचे. तुमचं ते आमच्या भांड्यात न्हाई जमायचं." फुटकं मडकं द्या, एखादा डबा द्या, म्हणाले. "बघते," म्हणाली आणि जागची हलली नाही. कळा जवळ येत चालल्या होत्या. शेजारची एक बाई विळा घेऊन आली आणि बाजेपाशी ठेवून गेली. विळा लखलखीत होता, म्हणूनच तो कुणाला वाईट दिसत नव्हता. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी उठले आणि सरळ चुलीपाशी गेले. चहासाठी पितळेच्या पातेल्यात पाणी ठेवलेलं होतं, त्यात कातर आणि दोरा सोडला. माय, मागून कुणी झिंज्या धरून ओढील असं वाटत होतं. तिकडे सून ओरडते आहे, इकडे पाणी उकळतं आहे. जावं तर सासू पातेलं उपडं करणार, थांबावं तर मूल येणार आणि विळा तिथंच पडलेला. सासू दारात तोंडाला पदर लावून उभी. मी थांबले. मग पातेलं फडक्यात धरून तसंच उचललं आणि तिच्या अंगावरून खोलीत नेलं. मुलगी झाली. नाळ मी कापली.

पुढचे दिवस तू पाहिलेस, पण मी जेवत का नव्हते ते तुला कळू दिलं नाही. रोज सकाळी जाऊन आधी पोर दूध ओढते का ते बघायचे. ती गेली असती तर देव बाटवल्यानं गेली, असंच गाव म्हणालं असतं आणि आपल्याला त्या गावात राहू दिलं नसतं. आठवडा उलटला, पोर चपाचपा पीत राहिली, आणि मी ओढ्याकाठी बसून पोटभर रडले.

बारशाला सासूनं मला अंगणात बोलावलं. तेच पातेलं, चिंचेनं घासून सोन्यासारखं केलेलं, आत नारळ आणि खण. "बाई, हे तुम्हालाच," म्हणाली. मला तिथंच कळलं. बाटलेलं पितळ फेकवत नव्हतं, म्हणून मला दिलं. घरी आले तर तू त्याच्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "लेकीचा मान केला गं त्यांनी." मी हो म्हणाले. तू आपल्या आळीतल्या बायांना बोलावून दाखवलंस, बुद्धपौर्णिमेला त्यात खीर केलीस. माझी वाटी मी तशीच सरकवून ठेवली.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुला फसवलं. परवा भाजी निवडता निवडता एकदम हात थांबला. तू त्यांच्याच शेतात रोजानं निंदायला जायचीस. तुला पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून. त्या घरातलं भांडं बाहेर का येतं, हे तुला कळायला माझी गरज होती? तू दारात माझा चेहरा पाहिलास आणि मान म्हणालीस. तू गेलीस, हे लिहिलेलं पाठवायला ठिकाण नाही, पण तुला म्हणून सांगते. माय, सगळं कळूनही, तो मानच होता असं तू अजून एकदा म्हणावंस असं मला वाटतं.