नऊ मार्कांचं गाव

आप्पा,

परवा बोईसरला गेले होते. कॉलनीतल्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी त्या बाजूला फिरकले नव्हते. लग्न सकाळचं होतं, जेवणं बाराला आटोपली. मग मी रिक्षा केली आणि समुद्राकाठी मुरबे गावात, मावशींकडे गेले. तिथं जे कळलं ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला ते माहीतच आहे म्हणा, पण मला माहीत झालंय हे तुम्हाला कळायला हवं.

आधी डाळीचं बोलू. ते आठवलं की अजून हसू येतं. आपल्या प्लांटच्या कॉलनीत प्रत्येक घराचं एक गाव ठरलेलं असायचं, रिटायर झाल्यावर जायचं गाव. क्वार्टर काही आपलं नव्हे, साठाव्या वर्षी किल्ली परत करायची, म्हणून बायका भाजी निवडतानासुद्धा कोण कुठं जाणार तेच बोलायच्या. कोणाचं नाशिक, कोणाचं सांगली, कोणाचं मूळ गाव. आपलं अमळनेरचं घर तर काकांच्या वाटणीत गेलेलं, त्यामुळे आपल्याला सगळा महाराष्ट्र मोकळा होता. तुम्ही प्लांटमध्ये दिवसभर पाणी तपासायचे. माणसापेक्षा तुमचा पाण्यावर जास्त विश्वास. दर मे महिन्यात आपण एखादं गाव बघायला जायचो आणि येताना तुम्ही तिथल्या नळाचं पाणी दोन बाटल्या भरून आणायचे. देवळातला प्रसाद विसरेल, पाणी विसरायचं नाही. घरी आल्यावर त्या पाण्यात आईनं तुरीची डाळ शिजवायची, कुकर न लावता, पातेल्यात, सोडा न घालता. तुम्ही घड्याळ घेऊन ओट्याजवळ उभे. डाळ गळली की गाव पास. ज्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही तिथं म्हातारपणी दात तरी कशाला न्यायचे, असं तुम्ही म्हणायचे. मग पाणी, बाजार, डॉक्टर आणि माणसांची बोली, या सगळ्यांचे मिळून दहापैकी मार्क. आई म्हणायची, गाव बघायला निघालात की सोयरीक जमवायला? एका थंड हवेच्या, मोठ्या नावाच्या गावाची डाळ तासभर शिजून तशीच टणक राहिली तेव्हा तिनं पातेलं तुमच्यापुढं आपटलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तुम्ही मुकाट्यानं चार मार्क दिले.

मी सातवीत असेन, तेव्हा एकदा विचारलं होतं, बोईसरला किती? तुम्ही बूट घालत होतात, सेकंड शिफ्टला निघालेले. म्हणालात, त्याची कसली परीक्षा घ्यायची, आपण इथंच तर आहोत. मी त्याचा अर्थ लावला की बोईसर परीक्षेला बसायच्याही लायकीचं नाही. मला ते पटलंही होतं. वारा फिरला की कारखान्यांचा वास यायचा, स्टेशनबाहेर चिखल, बाजारात अर्धी हिंदी. बावीस वर्षं मी अशी राहिले, जसं काही फलाटावर बसले आहे.

तुम्ही मात्र तसे राहत नव्हते, हे मला आता दिसतं. खानदेशातला माणूस, घरात अंडं शिजत नसे, आणि मुरब्याच्या मासेवाल्या मावशींच्या टोपलीपाशी तुम्ही पाट टाकून बसायचे. मंगळवार सोडून रोज सकाळी त्या कॉलनीत यायच्या, डोक्यावर टोपली, हातात कोयता. आधी तुम्ही नुसती नावं विचारायचे. मग एक दिवस सहा बोंबील घेऊन आत आलात. आई चिडली. तुम्ही म्हणालात, पाण्यात राहून माशांशी वैर कशाला? तिनं एक लोखंडी तवा आणि एक शेगडी गॅलरीत काढून दिली, तेच तुमचं दुसरं स्वयंपाकघर. काळ्या मसाल्यातले बोंबील बहुतेक जगात आपल्याच गॅलरीत होत असतील. मावशींनी एकदा चाखून बघितले आणि तोंड वाकडं केलं. पण दुसऱ्या दिवशी मसाल्याची पुडी मागून नेली. हे तुम्ही पुढं वर्षभर जो भेटेल त्याला सांगत होतात.

तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सुटलं, बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तात्पुरत्या, गाव ठरेपर्यंत. आणि गाव ठरायच्या आधी आई गेली. तेराव्यानंतर मी पुण्याला परतले तेव्हा तुम्ही दारात उभे होता आणि मला तुमच्या बनियनचं भोक दिसलं. गाडीत तेवढंच दिसत राहिलं. मी ठरवलं, माणसानं आयुष्यभर ज्याची हौस केली ते त्याला आता मिळालं पाहिजे. तीन महिन्यांत वाईला जागा शोधली. घाटापासून हाकेच्या अंतरावर, पहिला मजला, खिडकीतून नदी. बोईसरला येऊन तुमच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, “घ्या, तुमचं नऊ मार्कांचं गाव.” तुम्ही किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. म्हणालात, “हो. नऊच.” सामान बांधताना तुमची वेताची आरामखुर्ची दिसेना. विचारलं तर म्हणालात, मोडली होती, देऊन टाकली.

वाईत तुमचं सगळं छान चाललं होतं असं मी समजत होते. समजत होते म्हणजे स्वतःची तशी समजूत घालत होते. दर रविवारी फोन करायची. जेवलात का विचारलं की एकच उत्तर, डाळ छान शिजते गं इथं. घरमालकांनी आधीच सांगितलं होतं, घरात मासे चालणार नाहीत. मी तुम्हाला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. म्हटलं, या वयात पचतंय कुठं? एका रविवारी तुम्ही म्हणालात, वर्ष झालं गं. मी म्हणाले, बघा, कसं गेलं कळलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, ठेवतो गं, डाळ उतू जाईल.

पुढच्या महिन्यात मी आले. सकाळी आपण घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तुम्ही पाण्यात पाय सोडलेले. पाय किती बारीक झाले होते तुमचे. नदीकडे बघतच म्हणालात, “मला बोईसरला नेऊन सोडशील?” आप्पा, मला राग आला. खरंच राग आला. त्या जागेसाठी मी किती फेऱ्या मारल्या, डिपॉझिट, गॅसचं कनेक्शन, डॉक्टर, सगळं माझं मीच केलेलं, आणि यांना बोईसर हवं. मी म्हणाले, “तिकडे आता कोण आहे तुमचं?” आवाज चढला असणार, कारण खालच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बाईनं वळून बघितलं. तुम्ही पाय बाहेर काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि म्हणालात, चल, ऊन चढलं. पुढचे अठ्ठावीस दिवस तुम्ही जगलात. तो विषय पुन्हा काढला नाहीत.

तर परवाचं. मावशी थकल्यात, आता टोपली सुनेच्या डोक्यावर. अंगणात बांबूच्या आडव्या काठ्यांच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, त्यांच्या सावलीत त्या बसल्या होत्या. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं, चहा दिला, आईची आठवण काढली, तुमच्याबद्दल मात्र काहीच विचारलं नाही. चहा झाल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, ये, दावते तुला. घराला लागून एक खोली आहे, तिचं दार समुद्राकडे. आत जाळी भरलेली, दोरखंड, थर्माकोलचे डबे. आणि कोपऱ्यात तुमची आरामखुर्ची. वेत नवा विणलेला, पण खुर्चीच्या हातावरचा तुमच्या सुपारीच्या अडकित्त्याचा चरा तसाच. मला क्षणभर कळेचना की ती इथं कशी.

“तुज्या आईचं झाल्यावर तुजा बाप माज्याकडं खोली बघून गेला,” त्या म्हणाल्या. “मी चुना मारला, शेगडीला जागा केली. मंग खुर्ची घेऊन आला नि बोलला, मावशी, पोरीनं हौसेनं घर घेतलंय, तिचं मन मोडवत नाय. वरीसभर राहून येतो. खुर्ची असू दे.” मग म्हणाल्या, “दोन पावसाळे आमी जाळी भाईर ठेवली, बाय. खोलीत नाय भरली. मंग तुज्या मैत्रिणीकडून कळलं, तो गेला.”

मी खुर्चीत बसले नाही. बसवलंच नाही. उभ्यानंच रडले, आणि त्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, बोंबलाच्या वासाचा हात. तुम्ही बाहेरून आलात की तुमच्या शर्टाला येणारा तोच वास. आता मला वाटतं, गावं बघणं हा तुमचा खेळ होता. ज्याचं घर पक्कं आहे तोच असा खेळ करू शकतो. संध्याकाळी परत कुठं यायचं हे ठाऊक असलं की माणूस खुशाल दुसऱ्या गावांना मार्क देत हिंडतो. आम्ही कॉलनीतली पोरं मात्र खेळ खरा समजून मोठी झालो. जिथं जन्म गेला त्याला क्वार्टर म्हणायचं आणि जे दोन दिवस बघितलं त्याला गाव.

निघताना मावशींच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. त्या हसल्या, म्हणाल्या, खारट हाय, प्यायला नाय चालायचं. काल घरी त्यात डाळ लावली, पातेल्यात, सोडा न घालता. सव्वा तास झाला, गॅस जळत राहिला, दाणा न् दाणा सुटा. नवरा म्हणाला, अगं टाक ती. मी टाकली नाही. ओट्याजवळ उभी राहून खाल्ली, चावून चावून. आमचीही रिटायरमेंट दोन वर्षांवर आली आहे. लेक काल विचारत होती, आई, तुला कुठलं गाव आवडतं? मी तिला उत्तर दिलं नाही. उगाच एखादं नाव तोंडातून जायचं आणि ती पोर हौसेनं कामाला लागायची.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते डाळीच्या डब्याखाली राहील. त्यामुळे एक गोष्ट लिहूनच टाकते. तुमच्या दिवसांना आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं की आप्पा त्यांच्या सगळ्यात आवडत्या गावात गेले. अजूनही सांगते. पण वाईला तुम्ही नऊ दिले नव्हते. सात दिले होते. नऊ सावंतवाडीला होते, मला तेव्हाही पक्कं आठवत होतं. सावंतवाडी पुण्याहून फार लांब पडते, आणि बोईसरला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. वाई दोन तासांवर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मी माझ्या सोयीनं दोन मार्क वाढवले. आणि तुम्ही, ज्यांनी कधी कुठल्या गावाला अर्धा मार्क उगाच दिला नाही, ते माझ्याकडे बघून नऊच म्हणालात.