ढवळूचा गेम तिसऱ्यांदा रद्द झाला, तात्या

लोणी देवकर,
एप्रिल १९९८ (तारीख भिंतीवर आहे, पण मान वळवण्याची इच्छा नाही)

ती. स्व. जयवंततात्या यांच्या चरणी, पुरता आडवा झालेल्या बापूसाहेबाचा साष्टांग नमस्कार. (गादीवर पालथा पडूनच लिहितो आहे, तेव्हा साष्टांग हा शब्द खरा धरावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला उतरला का? उजनीचं पाणी उन्हानं मागं गेलं असेल, म्हणजे भिगवणात मासळी महाग आणि तुमचा टेम्पो दारात उभा, असं समजतो. इकडचं म्हणाल तर सर्व खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. इंदापूरला आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, शेजारी तर फारच खुशाल आहेत, कारण त्यांना रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन ‘काय बापूसाहेब, लग्न कधी?’ असं विचारायला मिळतं. मीच तेवढा खुशाल नाही.

तात्या, ढवळूचा गेम रद्द झाला. तिसऱ्यांदा. म्हणजे माझं लग्नही तिसऱ्यांदा लांबलं, आणि खरं सांगायचं तर आता ते मोडल्यातच जमा आहे. तुम्ही या सोयरिकीचे मध्यस्थ. सुपारी फुटली तेव्हा कन्हेरीच्या ओसरीवर तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, आणि मुलीच्या वडिलांनी, म्हणजे सर्जेराव आबांनी, ‘पोरगा करतो काय?’ असं विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत ‘गेम बनवतो, दिवाळीला टीव्हीवर दिसंल’ असं तुम्हीच ठोकून दिलंत. (मी दोष देत नाही. कोण काय बोललं एवढंच सांगतो आहे.) आबांना गेम कळला नाही, पण टीव्ही कळला. त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं, ‘गेम दुकानात लागला की अक्षता. तवर न्हाय.’ आणि माणूस असा की एकदा बोलला की बोलला. त्या दिवशी पोह्यांची ताटली पुढं करताना छकुलीनं हळूच विचारलं होतं, ‘त्या गेमात मेंढी हरती का जिंकती?’ मी म्हणालो, जिंकते. ती हसली. तिथंच माझा निकाल लागला, तात्या. आता दुसरी मुलगी बघा वगैरे मला सांगू नका.

ढवळू तुम्हाला माहीत आहेच. प्लॅस्टिकची पांढरी मेंढी, चावी दिली की मान हलवते, सोबत मेंढका गेणू आणि त्याची काठी (जी पहिल्याच दिवशी हरवते). जत्रेत ढवळू घेतल्याशिवाय पोर घरी येत नाही, असे आमच्या कारखान्याचे चांगले दिवस होते. पण आमच्या शेठना (पुण्याहून मोटारीनं येतात, येताना एक नवी कल्पना आणतात आणि जाताना आमची झोप घेऊन जातात) असं दिसलं की आता पोरं टीव्हीला डबा जोडतात आणि त्यात कॅसेट घालून खेळतात. तेव्हा ढवळूची कॅसेट निघालीच पाहिजे. कारखान्यात बाकी सगळे साच्यावर आणि रंगावर, बारामतीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटा. मला एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा दिला. पंखा चालत नव्हता.

पहिला गेम ‘ढवळूची दौड’. ढवळू पळते, चर ओलांडते, उसाच्या बैलगाडीवरून उडी मारते, विहीर चुकवते. चांगला झाला होता हो. शेठनी आपल्या लहान मुलीला खेळायला बसवलं. तिची ढवळू विहिरीत पडली. मुलगी म्हणाली, आता हिला बाहेर काढा. मी म्हणालो, बाळ, बटण दाब, दुसरी येते. ‘मग पहिली?’ मुलगी रडून रडून जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी गेम रद्द झाला. मग शेठ म्हणाले, विहीर नाही अशा ठिकाणी जाऊ, आणि आम्ही ‘ढवळू अंतराळात’ बनवायला घेतला. गेमच्या आधी ढवळूच्या डोक्यावर घालायच्या टोप्यांचा साचा निघाला आणि टोप्या तयार होऊन पडायलाही लागल्या. पण दुकानदारांच्या बैठकीत एकानं विचारलं, मेंढी खुरानं बंदूक कशी धरते? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, अंतराळात वजन नसतं. त्यावर दुकानदारांनी आपापल्या पिशव्या उचलल्या, आणि त्या पिशव्यांबरोबर गेम गेला. टोप्या आहेत अजून. कँटीनमध्ये त्यातून चटणी वाढतात.

दोन्ही वेळेला कन्हेरीला निरोप घेऊन तुम्हीच गेलात, हे मी विसरलो नाही. दोन्ही वेळेला आबा एवढंच म्हणाले की पोराला येळ द्या. म्हणून तिसऱ्या गेमात मी जीव ओतला. ‘ढवळूचा कळप’. गेणू मेंढका कळप घेऊन निघतो, रस्त्यात ज्वारीची उभी रानं लागतात, मेंढरं कणसं खातात, जितकी कणसं तितके गुण, शेतमालक काठी घेऊन आला की पळायचं. सोपा, गमतीचा, विहीर नाही, बंदूक नाही. आणि मला काय अवदसा आठवली, मी शेठना सांगून बसलो की माझे होणारे सासरे जन्मभर मेंढरं राखलेले आहेत. शेठ खुर्चीतून उठलेच. म्हणाले, बोलवा त्यांना! खरा मेंढका गेम जिंकला की खोक्यावर त्यांचाच फोटो छापू!

आबा आले. पटका बांधून, फोटोच्या तयारीनं. मी त्यांना बटणं दाखवली. हात मोठे, बटणं लहान, पण दोन दिवसांत गेणू त्यांच्या हुकमात आला. कळप अगदी सरळ रांगेत ज्वारीच्या रानापर्यंत नेला, आणि बांधावर थांबवला. थांबवला म्हणजे थांबवलाच. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ संपत आला, गुण शून्य, मी ओरडतो आहे की आबा, आत घाला, आत घाला! त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खुर्ची मागं ओढली. म्हणाले, ‘दुसऱ्याच्या उभ्या पिकात मेंढरं घालत्यात व्हय? मालक कुठं हाय? मालकाला इचारा आधी.’ मी म्हणालो, हा खेळ आहे. ते म्हणाले, ‘खेळात चोरी चालती, आसं छकुलीला शिकवणार काय तू?’

आता सांगा, मी काय करायचं? आबा जिंकले नाहीत तर गेम पास नाही, आणि गेम पास नाही तर अक्षता नाहीत. मी गेमच बदलला. शेतमालकाच्या हातातली काठी काढली, त्याला नमस्कार करायला शिकवला. गेणू जाऊन विचारतो, मालक होय म्हणतो. पण आबा म्हणाले, होय कसा म्हणंल, पीक उभं हाय न्हवं? मग मी ज्वारी कापून टाकली. मोकळं रान केलं. त्यावर आबा प्रसन्न झाले आणि म्हणाले, आता बसव मेंढरं. (आपल्याकडं पीक निघालं की मालक रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखतासाठी, आणि मेंढक्याला धान्य देतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण शेठ पुण्याचे.) मी मेंढरं बसवली. भोवती जाळी लावली. एक मेंढी माझ्या चुकीमुळं नेहमी एक पाऊल मागं राहायची, ती चूक मी काढायला लागलो तर आबांनी माझा हात धरला. ‘राहू दी. लंगडी हाय ती. तिला भोरी म्हणायचं.’

मग शेठ गेम बघायला आले. बरोबर पुण्याचे दोन व्यापारी. आबा पटका नीट करून बसले, कळप रानात नेला, मालकाला विचारलं, मेंढरं बसवली, जाळी लावली आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर मेंढरं बसलेली. शेठ बघताहेत, व्यापारी बघताहेत, मी देवाचं नाव घेतो आहे. बराच वेळ गेला. शेवटी शेठनी अदबीनं विचारलं, ‘आबा, आता काय होणार?’ आबा म्हणाले, ‘आता सकाळ हुईल.’

तात्या, गेम तिथंच संपला. व्यापारी चहा न पिता गेले. शेठ मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, बापूसाहेब, तुमचा दोष नाही, पण खेळण्यांच्या धंद्यात सकाळ होण्याची वाट बघणारा माणूस परवडत नाही. कॅसेटचं खातंच बंद, आणि मला नारळ. ज्या माणसाच्या शब्दासाठी मी गेम बनवत होतो त्याच माणसानं तो बुडवला, आणि आपल्या मुलीचं लग्नही त्यात बुडवलं, आणि हे त्यांना अजून उमगलेलं नाही!

कारण आबा अजून येताहेत. रोज. कन्हेरीहून बारामती, तिथून एसटी बदलून इंदापूरच्या रस्त्याला, उन्हातान्हात, भाकरी बांधून. खोली रिकामी करायला माझ्याकडं महिनाअखेरपर्यंतचा वेळ आहे, तोवर ते येऊन बसतात आणि मेंढरं चारतात. वीज गेली की त्यांचा चेहरा उतरतो. परवा विचारत होते, बंद केल्यावर कळप कुठं जातो रे? मी म्हणालो, कॉम्प्युटरच्या डब्यात बसतो आबा, आत मेंढवाडा आहे. त्यांनी डब्यावर हात ठेवून बघितला. गरम होता. म्हणाले, ‘व्हय, हायेत.’ मी बाहेर जाऊन उगीच नळाचं पाणी तोंडावर मारलं.

छकुलीनं गावातल्या एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन केला तेव्हा मला यामागचं कारण कळलं. चराईची रानं कालव्याच्या पाण्यानं उसाखाली गेली, तिचे थोरले दोघे भाऊ नोकरीला लागले, आणि आबांनी सगळा कळप बाजारात देऊन टाकला. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ते घरात फारसे बोलायचे नाहीत. आता बोलतात, पण फक्त भोरीबद्दल. ‘लग्नाचं इसरूनच गेल्यात,’ ती म्हणाली. ‘आन् आईनं इंदापूरचं एक स्थळ बघितलंय. ट्रॅक्टरच्या एजन्सीवर हाय पोरगा. तुमी काय करणार हाय का न्हाय?’ मागं बूथवाला खाकरत होता. मी म्हणालो, बघतो. तिनं फोन ठेवला. बघतो म्हणणाऱ्याला ठेवणारच.

तर तात्या, माझं काही मागणं नाही. नोकरी गेली, गेम गेला, अक्षता गेल्या. ट्रॅक्टरवाल्याचं भलं होवो, त्याचा ट्रॅक्टर तरी कुणी रद्द करत नाही. तुम्ही मध्यस्थ म्हणून कन्हेरीला जाऊन सांगून टाका की मुलगा मुलीला मोकळं करतो आहे. मी इंदापूरला म्हशीपाशी बसून राहीन. काकूंना नमस्कार. लहानांना आशीर्वाद, आणि कुणी ढवळू मागितली तर घेऊन देऊ नका.

आपला हताश पुतण्या,
बापूसाहेब

ता. क. एवढ्यात कन्हेरीला जाऊ नका. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात आबा आले. मी हिय्या करून सांगितलं की गेम दुकानात लागणार नाही, कधीच नाही, आणि हा कॉम्प्युटर पुसून त्यात पगारपत्रक बसवणार आहेत. त्यांना पगारपत्रक कळलं नाही, पुसणं कळलं. उठले, पटका काखेत मारला आणि थेट शेठच्या मोटारीपुढं जाऊन उभे राहिले. काय बोलले मला माहीत नाही. शेठ काच खाली करून ऐकत होते, नंतर मला म्हणाले, न्या तो कॉम्प्युटर, नारळाबरोबर असू द्या. तेव्हा येत्या शनिवारी तुमचा टेम्पो कारखान्याच्या गेटवर हवा. आधी दोन वेळा धुऊन घ्या, मेंढरांना मासळीचा वास चालत नाही, असं आबांचं म्हणणं आहे. इंदापूरला नाही, कन्हेरीला न्यायचा आहे.

ता. क. २. कन्हेरीला का, ते इथं लिहितो, कारण वर लिहायला धीर झाला नाही. आबा म्हणतात, गेम दुकानात लागला न्हाय ते बेस झालं, आपली मेंढरं दुकानात कशाला मांडायची. अक्षता याच वैशाखात. मात्र कळप रोज सकाळी कुणीतरी उघडला पाहिजे आणि संध्याकाळी मिटला पाहिजे, आणि ते काम मलाच येतं, म्हणून मी कन्हेरीलाच राहायचं. थोडक्यात, तात्या, मला घरजावई व्हायचं आहे. हे आईला तुम्ही सांगायचं. माझ्यात ती हिंमत नाही, तुमच्यात असेल अशी आशा आहे. तिला सांगा की बापूसाहेबानं खूप विरोध केला, घराण्याचं नाव पुढं केलं, डोळ्यांत पाणी आणलं, पण म्हाताऱ्यापुढं त्याचं काही चाललं नाही.

ता. क. ३. आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी ‘व्हय’ म्हणालो होतो, एवढं मात्र आईला सांगू नका.