काचेवरची काजळी

कारखाना चाळ, जि. अहमदनगर
१४ मार्च १९४७

प्रिय लिडी,
सप्रेम सलाम.

तुझी आई गेल्यावर तू एक दिवस उशिरा पोचलीस, कबरीपाशी उभी राहिलीस आणि पहिल्याच गाडीने पुण्याला परत गेलीस. त्याला आज तीन आठवडे झाले. मी अजून इथेच, दोन टेकड्यांमधल्या या खोलगटात, कारखान्याच्या लॅबोरेटरीत उसाचा रस तपासतो आहे.

थंडीत इथला धूर वर जातच नाही, चिमणीतून निघतो आणि चाळीवर बसतो. शेजारच्या केशरबाई म्हणायच्या, "दादा, आवंदा लई काळं पडतंय. कापडं वाळत घालाया न्हाई जमत." मी हसण्यावारी न्यायचो. पण आईचा खोकला हटेना, तेव्हा छपरावर काचेच्या तीन पट्ट्या ठेवल्या. आठ दिवसांनी त्यांवरची धूळ धुऊन, गाळून तपासली. निम्म्याहून जास्त काजळी आणि अर्धवट जळालेले चिपाड; बाकी चुना, कोळशाची राख, बारीक वाळू. धुतलेल्या पाण्यात निळा लिटमस बुडवला तर तो लाल झाला. बेरियमच्या द्रावणाचे दोन थेंब टाकताच पांढरा साका बसला. गंधकाचे आम्ल, लिडी. रस स्वच्छ करायला आम्ही गंधक जाळतो, आणि लढाईपासून कोळसाही निकृष्ट येतो. ते आम्ल काजळीला चिकटून आईच्या छातीत जात होते. मी कारखान्याच्या साहेबांना लेखी कळवले. "शांतवन, तुम्ही साखर तपासा," म्हणून त्यांनी कागद परत दिला.

त्यातच इथल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. मी घाबरलो. येऊ नकोस, तुला लागण होईल, असे तुला लिहिले. चार महिन्यांत पाच वेळा तू विचारलेस, पाचही वेळा मी नको म्हणालो. आई विचारायची, "लिडी कधी येणार?" मी सांगायचो, परीक्षा आहे. ती म्हणायची, "करू दे अभ्यास." तुझ्यासाठी विणलेला स्वेटर ती रोज झटकून ठेवायची.

रोगाने तुमची ताटातूट केली असे तू धरून चालली असशील. तसे नाही. आईची थुंकी मी नगरला तपासायला पाठवली होती. सोमवारी उत्तर आले: दोन्ही वेळा क्षयाचे जंतू नाहीत, काळे कण पुष्कळ. आई त्याच आठवड्यात, शुक्रवारी गेली. त्याआधी, मंगळवारीच, मी तुला तार करायला स्टेशनवर गेलो होतो. फॉर्मवर तुझे नाव लिहिले आणि हात थांबला. चार महिने तुला उगाचच लांब ठेवले, हे कोणत्या तोंडाने सांगू? आई जरा सावरली की सांगू, म्हणून फॉर्म फाडला आणि घरी आलो. तू आली असतीस तर तिने तुला पोटाशी धरले असते, आणि तुला काहीसुद्धा झाले नसते.

तुझाच अपराधी,
बाबा