पहिलं पातेलं

सोमवार
अखेर जहाजावर पाय ठेवला. केबिन आगपेटीएवढी आहे, पण गोल खिडकीतून नुसता समुद्र दिसतो, त्यामुळे स्वारी खूश. मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, गरम चहा आणून दिला. तो इथला आचारी. दर फेरीला कप्तान दुप्पट शिधा भरून घेतो आणि तरी खलाशी अर्धपोटी परत येतात. कंपनीला वाटतं, माल वाटेत विकला जातो. कप्तानावर सिद्ध झालं नाही, तर खापर आचाऱ्यावर फुटणार आणि हा तुरुंगात जाणार. म्हणून चौकशी मीच मागून घेतली. नातं वरिष्ठांना सांगितलंय. ते हसून म्हणाले, बरंच झालं, स्वयंपाकघरातल्या भानगडी घरच्या माणसाला लवकर कळतात.

मंगळवार
कप्तान काडीसारखा आहे. चोराच्या अंगावर थोडं तरी मांस दिसायला हवं होतं. बोलतो अगदी मऊ, आणि मऊ बोलणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. कोठाराची किल्ली त्याच्या गळ्यात असते. दुपारी एक गंमत पाहिली. जेवण तयार झालं की सर्वांत मोठं पातेलं कप्तान स्वतः उचलून मागच्या बाजूला नेतो. ते परत येईपर्यंत कोणी घास घेत नाही. येतं तेव्हा ते घासल्यासारखं लख्ख असतं. मेहुण्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "दाजी, वाढतो तेवढं गपचूप खा ना." हा पोरगा लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतो. आज खाजवत नव्हता. नुसता घाबरलेला होता.

बुधवार
कप्तानाच्या मागोमाग गेलो. जहाजाच्या अगदी तळाला एक बंद खोली आहे, तिला वरून लोखंडी झाकण. त्यानं दोराला पातेलं बांधून खाली सोडलं आणि पाठ फिरवून बसला. दोराला हिसका बसल्यावर वर ओढलं, पातेलं रिकामं. मी मनात टाळी वाजवली. हा गडी चोरून माणसं नेतोय! तो गेल्यावर झाकण उघडून टॉर्च मारला. कोरडी लोखंडी जमीन. ना माणूस, ना दुसरं दार. म्हणजे कुठेतरी चोरवाट असणार.

मग रीतीप्रमाणे करायचं ते केलं. रोजच्या जेवणापुरता शिधा आचाऱ्याकडे काढून दिला आणि बंदर येईपर्यंत कोठाराला कुलूप लावून वर लाखेचं सील ठोकलं. पातेलं खाली न्यायचं नाही, असं सगळ्यांसमोर बजावलं.

संध्याकाळी कप्तान केबिनीत आला. त्यानं हात जोडले. "साहेब, मी चोर आहे असं लिहा. आत्ता सही करतो. पण सील काढा."

कबुली आयती मिळाली, पण असली कबुली मला पचेना. सील काही काढलं नाही.

गुरुवार
दुपारी जेवायला बसलो आणि पायाखालून आवाज सुरू झाला. वाढायला उशीर झाला की लोक ताटावर चमचा वाजवतात, तसा. खलाशी ताटं सोडून उठले. मला वाटलं, कप्तानाचेच उद्योग. वळून पाहिलं तर तो माझ्या शेजारी बसला होता, कानांवर हात ठेवून.

शुक्रवार
स्वयंपाकघरातला शिधा सकाळी गायब. सील फोडायला गेलो. ते जसंच्या तसं होतं. आत पोती नीट घड्या घालून ठेवलेली. दाणा नाही.

कप्तानानं मग सांगितलं. जुन्या कप्तानानं किल्ली देताना एवढंच बजावलं होतं, पहिलं पातेलं खाली. कोण खातं, त्यानं कधी पाहिलं नाही. ते उपाशी राहू नये म्हणून सगळ्यांच्या ताटातलं काढायचा, स्वतःच्या सर्वांत जास्त. आणि मी त्याला चोर ठरवत होतो. लाज वाटते.

शनिवार
सकाळी कप्तान एकटाच खाली उतरला. दोर रिकामा वर आला. थोडा वेळ शांत —

दुपारी पुन्हा चमचे. आता मेहुणा म्हणतो, शिजवणारा मीच, मीच जातो. त्याला ढकलून मागे बसवलं. सील मी ठोकलं. त्याच्या बहिणीला काय तोंड दाखवू? आधी लिहून ठेवतो: कप्तान चोर नाही. आचारी चोर नाही.

दोर कमरेला पक्का बांधलाय. दुसरं टोक मेहुण्याच्या हातात. दिसेल ते टिपायला वही सोबत नेतोय.

खाली
रिकामं. टॉर्च चालू आहे. कप्तानाचे बूट, शेजारी शेजारी. बाकी काही —

आवाज थांबला.

मेहुणा वरून विचारतोय, ठीक आहात का. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि अगदी कानाशी माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "ठीक आहे रे. ओढ वर."

तो ओढतोय. दोर ताणलाय, जड काहीतरी वर चाललंय — माझ्या कमरेला दोर नाही —

ओरडतोय. आवाजच फुटत — तो हसून म्हणतोय, या दाजी, हात द्या — अरे देऊ नको, तो मी ना